दिवाळीनंतरचे पहिले दोन आठवडे आम्हाला द्या

प्रति,
ऊसतोड मजुरांच्या गावांत शाळा तपासायला येणारे सर्व गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख यांना

सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग घेते. नोकरीला एकोणीस वर्षं झाली, त्यातली चौदा पहिलीच्या पोरांतच गेली. माझी मागणी एकच आहे. ती मांडण्याआधी एका शेऱ्याबद्दल सांगते.

चार वर्षांपूर्वी दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच्या तिसऱ्याच दिवशी वर्गतपासणी झाली. साहेब आत आले तेव्हा पहिलीतला एक मुलगा खिडकीचे गज घट्ट धरून उभा होता. दुसरा खाली बसून हुंदके देत होता आणि त्याच्या मनगटावर दातांचे ताजे वण होते. मी फळ्याकडे पाठ करून, जमिनीवर बसून, खिडकीतल्या मुलाशी बोलत होते. साहेबांनी दहा मिनिटं वाट पाहिली, मग मुलांकडून शब्द वाचून घेतले, पाट्या बघितल्या आणि जाताना शेरेपुस्तिकेत लिहिलं : 'वर्गनियंत्रणाचा अभाव. अध्यापनाचा वेळ वाया जातो.'

मी सही केली. पण त्या दहा मिनिटांत मी शिकवतच होते, हे सांगायचं राहून गेलं, ते आज सांगते.

खिडकीतल्या त्या मुलाला इथं बाळू म्हणते, खरं नाव वेगळं आहे. जून ते दिवाळी बाळूनं कसलाच त्रास दिला नव्हता. अक्षरं पटापट उचलली होती, गाणी तोंडपाठ होती, दुसऱ्याची पाटीही नीट पुसून द्यायचा. सुट्टीनंतर आला आणि पहिल्या दिवशी दोघांना ढकललं, दुसऱ्या दिवशी एकाची पाटी आपटली, तिसऱ्या दिवशी चावला. मला आधी वाटलं, सुट्टीत लाडावला असेल. मग ध्यानात आलं की मारामारी दिवसभर होत नाही. शाळेशेजारच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की होते. लांबून घरघर ऐकू आली की बाळू उठायचा, खिडकीकडे धाव घ्यायचा आणि मधे जो येईल त्याला मार बसायचा. ट्रॅक्टर दिसेनासा झाला तरी गज सोडायचा नाही.

संध्याकाळी त्याच्या आजीला गाठलं. म्हातारी कापूस वेचून नुकतीच आली होती. ओट्यावर टेकत म्हणाली, "झोपेतच सोडून गेले ओ मॅडम. रडंल, पाठी लागंल म्हणून. रातच्याला ट्रॅक्टर आला व्हता. सकाळी उठलं तर घरात मी एकटीच. तव्हापून लेकरू झोपतच नाही. मी कूस बदलली तरी उठून बसतंय."

सहा वर्षांचं मूल रात्रभर आजीवर पहारा करत होतं. आजी पहाटे कामाला निघायची म्हणून बहुतेक दिवस नुसत्या चहावर शाळेत येत होतं. आणि वर्गात मी त्याला म्हणत होते, "हाताची घडी, तोंडावर बोट."

तुम्हाला हा भाग नवा नाही. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरलेला असतो, टोळीची तारीख आली की निघावंच लागतं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. पाच-सहा महिने घर बंद. मुलं सोबत गेली तर फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत राहतात आणि शाळा सुटते. म्हणून आपण सगळेच पालकांना विनवतो की मुलांना गावातच ठेवा. हंगामी वसतिगृहाची योजना त्यासाठीच आहे. मुलं गावात राहिली की हजेरीपटावर ती 'टिकवलेली' म्हणून मोजली जातात आणि आपण समाधानानं पुढच्या कामाला लागतो. टिकवलेल्या मुलाला आई-बापावाचून वर्गात बसताना आत काय होत असतं, तिथपर्यंत आपली विचारपूस पोचत नाही.

रागाला लगाम घालणारा, दोन क्षण थांबून विचार करायला लावणारा मेंदूचा भाग कपाळाच्या मागे असतो आणि तो माणसाच्या पंचविशीपर्यंत घडत राहतो. पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे जूनमध्ये माझ्यासमोर बसलेली काही मुलं जेमतेम साडेपाचची असतात. त्यांचा हा भाग अगदीच कोवळा. त्यात झोप अपुरी, पोट रिकामं आणि मनात भीती असली की 'असं करू नये' हे माहीत असूनही हात उठतोच. अशा वेळी मुलाला शांत करणारं जे काही असतं ते त्याच्या आत नसतं, जवळच्या मोठ्या माणसात असतं. मी खाली बसले, आवाज उतरवला, माझा श्वास संथ झाला, की काही वेळानं त्याचाही होतो. हे पुन्हा पुन्हा घडलं की हळूहळू ते त्याला एकट्याला जमायला लागतं. अक्षरओळख जशी गिरवून गिरवून येते, तसंच हेही. फरक एवढाच की गिरवायला पाटी नसते, माणूस लागतो, आणि त्या माणसाकडे वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात नियम केला. ट्रॅक्टर आला की ज्याला बघायचंय त्यानं खिडकीशी जायचं, ढकलायचं नाही, ट्रॅक्टर गेला की जागेवर यायचं. पहिल्यांदा सगळा वर्ग उठला, नुसता गोंधळ. आठवड्यानं चौघंच उठायचे, चौघांचेही आई-बाप गेलेले. मग त्यातल्या एकीनं ट्रॉल्या मोजायला सुरुवात केली. याला दोन, याला एक, आत्तापर्यंत पाच. त्या महिन्यात आमची बेरीज खिडकीत झाली. बाळूचं मारणं एका दिवसात थांबलं नाही. पण गज धरायच्या ऐवजी तो बोटं मोजायला लागला, तेव्हा मला कळलं की आता जमेल.

आता एका शब्दाविषयी.

बाजारात भावनांचे तक्ते मिळतात. हसरा चेहरा, रडका चेहरा, लाल रागीट चेहरा, डोळे वटारलेला घाबरट चेहरा. मीही स्वतःच्या पैशानं आणून लावला होता. रोज हजेरीला मूल 'हजर' म्हणताना आज कसं वाटतंय तेही सांगायचं, अशी पद्धत ठेवली. पंधरा दिवस सगळे 'आनंदी' म्हणत राहिले, कारण मॅडमना तेच आवडतं हे त्यांनी ओळखलं होतं. मग एका सकाळी दुसरीतली एक मुलगी तक्त्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, यात माझं नाहीच." मी विचारलं, तुझं काय? ती म्हणाली, "करमंना."

करमत नाही. हा शब्द आपल्या भाषेत आहे आणि तक्त्यावर नाही. यात नुसतं दुःख नाही, राग नाही, भीतीही नाही. घर तेच, शाळा तीच, खेळ तोच, पण ज्या माणसामुळे त्यात गोडी होती ते माणूस नाही. त्या दिवशी मी फळ्यावर 'करमत नाही' लिहिलं आणि विचारलं, अजून कुणाकुणाला? बावीसपैकी नऊ हात वर आले. बाळूचा हात सगळ्यात उशिरा आला, कोपरापर्यंतच.

त्यानंतर आम्ही पोरांचेच शब्द गोळा केले. कसंतरी होतंय. रुसलोय. चिडचिड होतीय. भ्या वाटतंय. पोटात गोळा आला. रडू येतंय पण येत नाही. हे शेवटचं एका मुलानं सांगितलं आणि बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या, जणू सगळ्यांना ते आधीपासून माहीत होतं. मूल शब्दानं सांगू शकलं की त्याला दातानं सांगावं लागत नाही, हे मी चौदा वर्षांत इतक्यांदा पाहिलं आहे की त्यावर माझा पक्का विश्वास बसला आहे. पण शब्द त्याचा हवा. 'मी दुःखी आहे' असं आमच्या वस्तीवर कुणी म्हणत नाही.

दुसरी एक गोष्ट बशीची. राग आलेल्या मुलाला दीर्घ श्वास घे म्हटलं तर ते छाती फुगवतं आणि आणखीच ताठरतं. खरं काम श्वास सोडण्याचं असतं. सावकाश, लांब सोडलेल्या श्वासानं हृदयाची धडधड कमी होते. आमच्याकडे प्रत्येक पोर बशीत चहा पितं. म्हणून मी म्हणते, बशी धर. दोन्ही तळहातांची बशी करायची आणि चहा सांडणार नाही अशी हळू फुंकर मारायची. हे आम्ही रोज परिपाठानंतर, सगळे शांत असताना करतो. भांडण पेटल्यावर नवीन काही शिकवता येत नाही, आधी शिकलेल्याची आठवण करून देता येते एवढंच. आता दुसरीतली मुलं पहिलीतल्यांना सांगतात, "ए, बशी धर."

तुमच्यापैकी काहींच्या मनात येत असेल, आणि गावातली मंडळी तर तोंडावर बोलून दाखवतात, की या लाडानं पोरं डोक्यावर बसतील. आम्ही छड्या खाल्ल्या म्हणून शिकलो. त्यांना मी सांगते की चावणं माझ्या वर्गात चालत नाही, एकदाही नाही. बाळूचा हात मी धरला होता आणि स्पष्ट म्हटलं होतं, "चावायचं नाही. तुला राग आलाय, तो मला सांग. मी इथंच बसलेय." तो निवळला तेव्हा मग त्या दुसऱ्या मुलाचं मनगट आम्ही दोघांनी मिळून गार पाण्यानं धुतलं. बाळूकडून 'सॉरी' म्हणवून घेतलं नाही. त्यानं आपण होऊन त्या मुलाची बाटली भरून आणली. मला तेवढं पुरलं, आणि ज्याला चावला होता त्यालाही पुरलं. दोघं दुपारी खिचडीला शेजारी बसले होते.

छडीबद्दल कायदा स्वच्छ आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ : शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळही नाही. छडी मी कधी वापरली नाही, म्हणून बरीच वर्षं मला वाटायचं की मी या कलमात बसत नाही. पण "नीट वाग, नाहीतर परत अंगणवाडीत नेऊन बसवीन" हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं आहे. पहिलीच्या मुलाला याहून मोठा अपमान नाही. एकदा एका मुलीला मी खरंच हाताला धरून अंगणवाडीच्या दारापर्यंत नेलं होतं. ती त्यानंतर वर्गात गप्प बसायला लागली आणि मी ते शिस्त आली असं समजले. तिचं ते गप्प बसणं आजही मला टोचतं.

आणखी एक चूक लिहिते, कारण ती तुमच्या प्रशिक्षणात उपयोगी पडेल. बाळू रोज विचारायचा, "कव्हा येणार?" त्याला धीर यावा म्हणून मी म्हणाले, पाडव्याला. त्यानं ते धरून ठेवलं. पाडवा आला, गुढ्या उभारल्या, संध्याकाळी उतरल्या. कारखान्याचा पट्टा पडला नव्हता, म्हणजे गाळप संपलं नव्हतं, टोळी तिकडेच होती. दुसऱ्या दिवशी बाळू शाळेत आला आणि माझ्याकडे बघेना. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चार महिन्यांत जे जोडलं होतं ते एका खोट्या तारखेनं तुटलं. आता मी कुणालाच तारीख सांगत नाही. "पट्टा पडला की येतील. कधी पडेल ते मलाही माहीत नाही. कळलं की आधी तुला सांगेन." मूल हे सहन करतं. फसवणूक सहन करत नाही.

हे सगळं शाळेच्या कामातच येतं का, असा प्रश्न असेल तर उत्तर तुमच्याच कागदांत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं ३ ते ८ वर्षांचा पायाभूत स्तर एकत्र धरला, म्हणजे पहिली-दुसरी त्यात आली. या स्तरासाठी २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासक्रम आराखड्यात सामाजिक-भावनिक विकास हा भाषा आणि गणिताच्या बरोबरीनं मांडला आहे. पण वर्गभेटीला येणारा जो नमुना मी आजवर पाहिला, त्यात किती मुलं शब्द वाचतात, किती मुलं वजाबाकी करतात याचे रकाने असतात. भांडण झाल्यावर मूल किती वेळात कामाला परत लागतं, कुणाला मदत मागतं का, हे कुणी विचारत नाही. 'निपुण' या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या घाईत तर कुणाला वेळही नाही. वाचन मला नको आहे असा याचा अर्थ काढू नका. बाळू मार्चअखेर धडे वाचत होता. डिसेंबरभर त्याला वाचायला बसवलं असतं तर वाचला असता, असं मला वाटत नाही.

आणि विभाग ऐकतो, हेही मी पाहिलं आहे. २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय झाला, तो लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. मुलाची झोप हा शाळेचा विषय आहे हे तेव्हा मान्य झालं. बाळूची झोप घड्याळानं नाही, रात्री निघालेल्या ट्रॅक्टरनं गेली होती.

महाराष्ट्रात हे आधी झालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. तर त्यांनी वर्ग त्यांच्या अंगणात भरवला. मुलं गुरं राखायला जातात म्हणून कुरणात शाळा नेली. मुलाचं जगणं जिथं आहे तिथं शाळेनं सरकायचं, ही रीत आपल्याच मातीतली आहे. मी तर जागाही बदलायला सांगत नाही, फक्त बारा दिवस मागते.

ते असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरल्यापासून दोन आठवडे, ज्या गावांतून टोळ्या जातात तिथं, पहिली-दुसरीच्या वर्गांना तपासणी नको, पडताळणी नको, चाचणी नको. त्या वर्गाच्या शिक्षकाला त्या दिवसांत बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा पोर्टलच्या माहितीसाठी तालुक्याला बोलावू नका. आमच्यासारख्या शाळेत एक शिक्षक बाहेर गेला की दुसऱ्यासमोर चारही वर्ग बसतात, आणि मग रडणाऱ्या मुलाजवळ बसणं शक्यच नसतं, त्याला गप्प करणं तेवढं शक्य असतं. या बारा दिवसांत आम्ही काय करणार तेही सांगते : खेळ, गाणी, गोष्टी, माती, चित्रं, गावात एक फेरी, आणि प्रत्येक घरी एक भेट. कोण कुणाकडे राहिलंय, कोण उपाशी येतं, कोण झोपत नाही, हे त्या भेटीतच कळतं. माझ्या कपाटात गूळ-शेंगदाण्यांचा डबा असतो, तो या दिवसांत दोनदा भरावा लागतो.

त्याआधीचं काम मात्र दिवाळीपूर्वीच करायला हवं. टोळ्या जाण्याच्या आधी पालकसभा घेऊन एकच गोष्ट सांगायची : झोपेत सोडून जाऊ नका. मूल रडेल, पायाला मिठी मारेल, तुमचाही जीव तुटेल. तरी सांगून जा, कुठं जाताय ते सांगा, कोण भाकरी देणार ते सांगा, रविवारी कोपीवर आल्यावर फोन करा. मी तीन वर्षं ही सभा घेते आहे. रडणं कमी झालेलं नाही, उलट निघायच्या दिवशी जास्तच होतं. पण चावणं, पाट्या फोडणं, रात्रीचं जागणं कमी झालं आहे. एका बापानं मला फोन करून सांगितलं, "मॅडम, तुमच्या नादानं सांगून निघालो. ट्रॅक्टर वळेपर्यंत पोरगी हात हलवत व्हती." हा निरोप केंद्राच्या प्रत्येक शाळेतून, शिक्षण परिषदेतून गेला तर त्याला वजन येईल. एकटी बाई सांगते तेव्हा निम्मे लोक मान हलवून घरी जातात.

प्रत्येक मारणाऱ्या मुलामागे ट्रॅक्टर नसतो, हे मी जाणते. माझ्याकडे एक मुलगा होता, टाळ्या वाजल्या की कान झाकून बाकाखाली शिरायचा, सहा महिन्यांत कुणाच्या डोळ्यांत बघितलं नाही. त्याला बशी आणि गाणी पुरणारी नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण तालुक्याचे विशेष शिक्षक आमच्या वस्तीवर यायला फेब्रुवारी उजाडली. तोवर तो गावात 'येडं' ठरला होता. त्यांच्या फेऱ्या जुलैत झाल्या तर असली नावं पडायच्या आत काही करता येईल. यावर वेगळं पत्र लिहीन, इथं एवढंच.

यंदा पहिलीत एकवीस मुलं आहेत. त्यातल्या अकरांचे आई-वडील जाणार, हे मी घरोघरी विचारून वहीत लिहून ठेवलं आहे. पालकसभा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला ठेवली आहे, कारण त्यानंतर कोण कधी निघेल ते सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी आलं तर लोक जास्त थांबतील. आणि सुट्टीनंतरच्या त्या दोन आठवड्यांत वर्ग बघावासा वाटला तर जरूर या. वही-पेन न घेता या, चपला बाहेर काढून मुलांमध्ये खाली बसा, तासभर. खिडकीजवळची जागा तेवढी मोकळी ठेवा, ट्रॅक्टर साडेदहाच्या सुमाराला जातो.

आपली,
पहिली-दुसरीची वर्गशिक्षिका,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, जिल्हा बीड